रेशन कार्ड आणलंय का?

नांदेड-लातूरकडच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट दाखल झाला, की सोबत आलेल्या माणसाला सगळ्यांत आधी जे काही विचारलं जातं, त्यात हा प्रश्न असतोच. सलाईन लागायचं असतं, रक्त तपासायला जायचं असतं, आणि इकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड खिशातून निघतं. नसेल तर गावाकडे फोन जातो, ‘पत्र्याच्या पेटीत वरच हाय बघ, फोटू काढून पाठव.’ गहू, तांदूळ, साखर, रॉकेल किती उचललं याच्या नोंदीसाठी छापलेलं हे पुस्तक. हृदयाच्या झडपेशी, डायलिसिसच्या यंत्राशी त्याचं नातं कधी जुळलं, हे विचारावंसं आता कुणाला वाटत नाही. पण नातं आहे, आणि त्याला वंशावळही आहे. ती शोधत गेलं की वाट दोनदा हैदराबादला जाते, बऱ्याचदा मुंबईला जाते, आणि मध्ये दुष्काळातल्या एका खडी केंद्रावरही थांबते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. नांदेड जिल्ह्याचं ठिकाण होतं. लातूर होतं उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव, त्याचा वेगळा जिल्हा झाला तो पार १६ ऑगस्ट १९८२ ला. जवळपास असायचा तो छोटा सरकारी दवाखाना, नाहीतर वैद्य-हकीम. मोठं दुखणं निघालं की बाहेरगाव गाठावं लागे. नांदेडची वाट पूर्वेला जायची. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला आणि हैदराबाद एका गाडीवर आलं. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात तिथला अफझलगंजचा दवाखाना उद्ध्वस्त झाला होता. त्यानंतर नदीकाठी उभी राहिलेली उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत १९२५ च्या सुमारास पुरी झाली. लातूरची वाट उलटी, पश्चिमेला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि तोच मार्ग दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये मिरजेला जाऊन मिळाला. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं. म्हणजे डाळी-तेलबियांच्या पोत्यांसाठी टाकलेल्या रुळांवरून पेशंटही जाऊ शकत होता. आजही नांदेडचा माणूस दुखणं वाढलं की हैदराबादचं नाव काढतो आणि लातूरचा सोलापूर, बार्शी, पुण्याचं. रूळ बदलले, दिशा तशाच राहिल्या.

त्या काळात गरिबाला कार्ड मागणारं कुणी नव्हतं. कार्डाचं काम अंतरच करत होतं. ज्याच्याकडे गाडीभाडं आणि आठ दिवसांची रोजी बुडवण्याची ऐपत, तो पोचायचा. बाकीच्यांची सोय घरात असायची, म्हणजे दावणीला. शेळी विकणं हा इथला सगळ्यांत जुना आरोग्य विमा. त्यानंतर मणी-डोरलं गहाण, मग सावकार, मग जमिनीचा तुकडा. आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, मुखेड-कंधार-लोह्यापासून जळकोट-अहमदपुरापर्यंत, उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाच्या आधी रक्कम देतो. ती लग्नाला लागते, घराच्या पत्र्यांना लागते आणि दवाखान्याला लागते. उचलीला ना दाखला लागतो ना मंजुरी, रात्री अकराला मागितली तरी मिळते. फेड मात्र शरीरानं करायची असते. ऑपरेशन झालेल्या नवऱ्याच्या उचलीपोटी बायको आणि शाळा सोडलेला पोरगा कोयता धरतात. सरकारी योजनेला नावं ठेवताना हे विसरायला नको, की तिची स्पर्धा कुठल्या आदर्श व्यवस्थेशी नाही, या उचलीशी आहे. आणि वेळेवर मिळण्याच्या बाबतीत उचल अजून पुढे आहे.

१९४६ मध्ये भोर समितीनं सांगितलं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये. समिती ब्रिटिश हिंदुस्थानची होती. निजामाच्या राज्यात तेव्हा वेगळीच धामधूम चालू होती. प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिची कल्पना मराठवाड्यात रुजली ती पुढे, हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र अशी राज्यं बदलत. १९५३ च्या नागपूर करारानं बरोबरीनं विकास करण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दाचा हिशेब पुढे ‘अनुशेष’ या एका शब्दात गोळा झाला. १९८४ च्या दांडेकर समितीनं तो क्षेत्रवार मांडला, त्यात रस्ते, सिंचन, वीज यांच्या जोडीला आरोग्यही होतं.

कागदाच्या वंशावळीतला मूळ पुरुष मात्र करारात किंवा समितीत सापडत नाही. तो सापडतो १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर, नाला बंडिंगवर गेली. सुकडी खाऊन पोरं जगली. त्या कामांतून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाची हमी एवढंच त्या कायद्याबद्दल आपल्याला आठवतं. त्यात आणखी एक कलम होतं. कामावर असताना मजुराला इजा झाली, तर त्याच्यावरचे उपचार सरकारनं फुकट करायचे, दवाखान्यात ठेवावं लागलं तर तेही. इथल्या भूमिहीन माणसाला फुकट उपचाराचा हक्क, दयेचा नव्हे, कायद्याचा, देणारा पहिला कागद म्हणजे हजेरीपट, असं मी मानतो. हजेरीपटावर नाव असेल तर हक्क, नसेल तर नाही. आज दवाखान्याच्या खिडकीवर जे घडतं त्याचं बीज त्या पानात आहे. उपचार आजाराला मिळत नाहीत, नावाला मिळतात.

पण नाव लिहिलं तरी न्यायचं कुठं? मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला १९५६ मध्ये झालं. लोक त्या दवाखान्याला घाटी म्हणतात. दुसरं अंबाजोगाईला, १९७४ मध्ये, ग्रामीण भागातलं पहिलं म्हणून गाजलेलं. त्याला नाव दिलं स्वामी रामानंद तीर्थांचं. लातूरच्या माणसाला तेच जवळचं. नांदेडला महाविद्यालय आलं १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. आता गंमत पाहा. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दिले. त्यांतल्या दोघांची नावं आज या दोन महाविद्यालयांवर आहेत. राज्यात इतकी सत्ता क्वचितच दुसऱ्या कुठल्या दोन शेजारी जिल्ह्यांनी भोगली असेल, आणि तरी घाटी आणि लातूर यांच्यामध्ये सेहेचाळीस वर्षं गेली.

मधली पोकळी लातूरमध्ये काही प्रमाणात भरली ती विश्वस्त संस्थांनी. पुण्यात शिकलेले डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी १९६६ मध्ये लातूरला आले. संघाच्या मुशीतली माणसं. त्यांनी विवेकानंद रुग्णालय काढलं. एका तालुक्याच्या गावात बारमाही शस्त्रक्रिया परवडणाऱ्या पैशांत होऊ शकतात, हे तेव्हा दिसलं. कुकड्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. अशा दवाखान्यात गरिबाची सूट हा डॉक्टर आणि पेशंट यांच्यातला मामला असायचा. डॉक्टर गावाचं नाव विचारत, शेती किती ते विचारत, पायातल्या चपलेकडे पाहत आणि बिलावर रेघ मारत. चुका होत असतील. पण कागद नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंतींखाली औसा, निलंगा आणि उमरग्याकडची गावं गेली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. जखमी त्याच्या दुपटीच्या आसपास. लातूर, सोलापूर, अंबाजोगाईच्या दवाखान्यांच्या व्हरांड्यांत पेशंट होते. त्या काही दिवसांत इथं कुणी कुणाला उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. सरकारी, खाजगी, लष्करी, सगळे दवाखाने एकच झाले होते. फुकट उपचार सर्वांना देणं शक्य नसतं असं जे ठामपणे सांगितलं जातं, त्याला या भागाच्या इतिहासात हा एक अपवाद नोंदवलेला आहे. पुनर्वसन सुरू झालं तशी पुन्हा यादी आली, पंचनामा आला, गावांचे गट पडले, आणि भूकंपग्रस्त असल्याचा दाखला ही एक नवी मिळकत झाली. तो दाखला लोकांनी अजून जपून ठेवला आहे.

विश्वस्त संस्थांच्या सुटीलाही कागद चिकटला तो कायद्यानं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८५ मध्ये ४१ अअ हे कलम आलं. सरकारी सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या. वीस वर्षं ते कलम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. मग मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये योजना आखून दिली. प्रत्येक रुग्णालयानं बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आणि त्यातून हा खर्च भागवायचा. निर्धन कोण? तहसीलदाराचा दाखला किंवा रेशन कार्ड असेल तो. चपलेकडे पाहणं संपलं. हे वाईट झालं असं मला म्हणवत नाही. डॉक्टरच्या मर्जीवर असलेली सूट आता मागता येऊ लागली. मात्र मागण्यासाठी आधी तहसीलला जाऊन यावं लागू लागलं.

सरकारी दवाखान्यातही तेच वारं होतं. १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याचा आरोग्य सेवा विकास प्रकल्प सुरू झाला. इमारती सुधारल्या, यंत्रं आली, आणि त्याच सुमारास केसपेपर, एक्स-रे, तपासण्या यांच्या शुल्काची शिस्तही कडक झाली. दारिद्र्यरेषेखालच्यांना सूट होती. पण सूट म्हटली की पुरावा आला. योगायोगाचा भाग असा, की त्याच वर्षी १ मे पासून राज्यानं रेशन कार्डांना तीन रंग दिले. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. हेतू धान्याचा होता, स्वस्त गहू-तांदूळ कुणाला द्यायचा हे ठरवायचं होतं. दवाखान्याच्या बाबूला मात्र आयतीच सोय झाली. माणसाची गरिबी आता लांबूनसुद्धा दिसत होती.

यापूर्वी १९९७ मध्ये राज्यानं जीवनदायी योजना काढली होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी सरकार उचलणार. कल्पना चांगली, रचना जुनी. मंजुरीची फाइल वर जायची आणि पेशंट खाली वाट पाहायचा. लोकांना त्यापेक्षा मुख्यमंत्री सहायता निधीची वाट माहीत होती. ती आमदाराच्या दारातून जायची. मराठवाड्यातल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या बैठकीत सकाळी जाऊन बसा, रस्त्याच्या आणि बदलीच्या कामांसोबत निम्मी माणसं दवाखान्याची चिठ्ठी घ्यायला आलेली दिसतील. त्या चिठ्ठीनं किती जीव वाचले आणि किती मतं बांधली गेली, याचे हिशेब वेगळे करता येत नाहीत.

वंशावळीतला पुढचा पूर्वज पुन्हा हैदराबादचा. आंध्र प्रदेशात मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारनं १ एप्रिल २००७ रोजी तीन जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री सुरू केली. तिथंही आधी मुख्यमंत्री निधीच्या अर्जांचा ढीगच होता. त्या ढिगावर उपाय म्हणून हा विमा आला. फाइल वर पाठवायची नाही, दवाखान्यातूनच संगणकावर मंजुरी घ्यायची. पेशंटला हात धरून न्यायला दवाखान्यातच एक माणूस बसवायचा, आरोग्यमित्र. आणि ओळख पटवायची रेशन कार्डानं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांना हे सगळं सोयऱ्या-धायऱ्यांकडून कळत होतं. सीमेपलीकडच्या मदनूर-बोधनकडे अर्ध्या गावाच्या लेकी दिलेल्या. त्यांच्या कार्डाचा रंग मात्र गोंधळात टाकणारा होता. आंध्रात गरिबाचं कार्ड पांढरं. ज्या पांढऱ्या कार्डावर बोधनचा जावई हैदराबादेत बायपास करून आला, तसलंच पांढरं कार्ड बिलोलीच्या मेव्हण्याकडे असलं तर तो श्रीमंत ठरायचा.

महाराष्ट्रानं ती रचना जवळजवळ तशीच उचलली, आरोग्यमित्र या नावासकट. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, धुळे, सोलापूर, अमरावती, गडचिरोली आणि नांदेड. मराठवाड्यातून एकटं नांदेड. लातूरकरांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत, बाकी सगळ्या जिल्ह्यांसोबत, थांबावं लागलं. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाखांपर्यंत. यादीत ९७२ उपचार. त्यांतले सव्वाशेहून अधिक फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले. जेवण, औषधं, तपासण्या, घरी परतायचं बसभाडं, सगळं पॅकेजमध्ये धरलेलं.

काम कसं चालतं ते टेबलापाशी उभं राहून पाहण्यासारखं आहे. आरोग्यमित्र कार्डाचा नंबर टाकतो, कुटुंबाची नावं पडद्यावर येतात. पेशंटचं नाव, वय, ओळखपत्र जुळवतो. डॉक्टर आजाराचं पॅकेज निवडतात, रिपोर्ट आणि खाटेवरच्या पेशंटचा फोटो चढवतात, आणि मंजुरी मागतात. मंजुरी आली की ऑपरेशन. तातडी असेल तर आधी उपचार, मागून कागद, अशीही सोय आहे. पॅकेज मात्र ठरलेलं. यादीत नसलेला आजार आला की टेबलावरचा माणूस हताशपणे मान हलवतो. आणि खरी अडचण पडद्यावरच्या नावांत निघते. नुकतं लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं. पहिलं मूल पोटात, त्यात गुंतागुंत, आणि दोन्ही घरांच्या कार्डांवर ती नाही. सासरा तहसीलच्या पुरवठा विभागात, दीर माहेरच्या गावाला, नाव कमी केल्याचा दाखला आणायला. अशा घाईत मोटारसायकलींनी जेवढं पेट्रोल जाळलं असेल, तेवढ्यात एखाद्या तपासणीचा खर्च निघाला असता.

या योजनेनं काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. झडपा बदलल्या गेल्या, डायलिसिस सुरू राहिलं, कॅन्सरची केमोथेरपी घर न विकता झाली. नांदेड आणि लातूरची हॉस्पिटलांची रांग या दहा-बारा वर्षांत वाढली, तिच्या मागे या पॅकेजच्या पैशांचाही हात आहे. पण रांग तिथंच वाढली जिथं पॅकेज होतं. बी.पी.च्या आणि शुगरच्या गोळ्या, लेकराचा ताप, सांधेदुखी, गुत्तेदाराच्या कामावरची पाठदुखी, ज्यात गरिबाचा पैसा महिन्याच्या महिन्याला झिरपतो, ते बाह्यरुग्णातलं दुखणं योजनेच्या बाहेरच राहिलं. त्यासाठी अजूनही मेडिकलवाल्याची उधारीची वही आहे, नाहीतर बचत गटाचं अंतर्गत कर्ज. उधारीच्या वहीला कार्डाचा रंग चालत नाही. ओळख लागते.

रंगाची भिंत पहिल्यांदा हलली ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. मराठवाड्यातले आठही आणि विदर्भातले सहा, अशा चौदा जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही योजना लागू झाली. त्यानं पांढऱ्या कार्डासोबत सातबारा दाखवायचा. म्हणजे हजेरीपट, दाखला, कार्ड यांच्या कुळात सातबाराही आला. गावात मग अशी घरं दिसू लागली, की पाच एकर कोरडवाहूवाला विम्यात आणि त्याच्याच शेतावर राबणारा, चुकून पांढरं कार्ड पदरात पडलेला सालगडी विम्याबाहेर. २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली. तिनं पाच लाखांचं कवच दिलं, पण कार्ड नाही मानलं. तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची. सात वर्षांपूर्वी प्रगणकानं ‘पक्कं घर’ अशी खूण केली, की नाही केली, यावर हिशेब. परीक्षेचा निकाल पाहायला जावं, तसे लोक यादीत नाव पाहायला जायचे. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र झाल्या, आणि महिन्या-दोन महिन्यांत कोरोनानं तिन्ही रंग एका रांगेत उभे केले. मे २०२० मध्ये पांढऱ्या कार्डालाही योजना खुली झाली. किल्लारीनंतर दुसऱ्यांदा.

मग २०२३ साल. या वर्षाच्या तारखा ओळीनं वाचाव्यात. २८ जुलैला शासन निर्णय निघाला, की राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला, रंग कुठलाही असो, पाच लाखांपर्यंत संरक्षण, उपचार १,३५६. १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार पूर्ण मोफत, केसपेपरचेही पैसे नाहीत. १६ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तीच्या अमृतमहोत्सवाची मंत्रिमंडळ बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली, हजारो कोटींचं पॅकेज जाहीर झालं. १७ सप्टेंबरपासून ‘आयुष्मान भव’ मोहीम. आणि ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर, किल्लारीला बरोबर तीस वर्षं झाली त्या तारखेला, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू. त्यांत बारा नवजात बाळं. दुसऱ्या दिवशी आणखी सात.

विष्णुपुरीचं हे रुग्णालय तेव्हा सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिघात या दर्जाचं एकमेव होतं. हिंगोली, यवतमाळचा काही भाग आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातून पेशंट येतात. मंजूर खाटा पाचशे, आणि दाखल पेशंट त्याच्या कितीतरी वर. खाजगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला पाठवून दिलेली बाळं होती, असं प्रशासनानं सांगितलं. औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती, ती त्या सुमारास नव्या प्राधिकरणाकडे जायच्या मार्गावर होती, आणि मधल्या काळात कपाटं रिकामी राहत होती. हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत ही कारणं चालणार नाहीत, अशा अर्थाचं सरकारला सुनावलं.

त्या दिवसांत नातेवाइकांच्या हातात एक वेगळाच कागद होता. कार्ड दाखवून आत गेलेल्या माणसाच्या हाती पडणारी बाहेरची चिठ्ठी. सिस्टरनं किंवा निवासी डॉक्टरनं लिहून दिलेली, औषधं समोरच्या मेडिकलवरून आणा म्हणून. सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर मेडिकलची दुकानं एका ओळीत का असतात, याचं उत्तर त्या चिठ्ठीत आहे. आत येणाऱ्या कागदावर गेल्या पंचवीस वर्षांत केवढा विचार झाला! रंग ठरले, नंबर बारा आकडी झाला, पडद्यावर कुटुंब दिसू लागलं. बाहेर जाणाऱ्या चिठ्ठीची मात्र कुठंच नोंद नाही. किती लिहिल्या गेल्या, किती रुपयांच्या, किती जण चिठ्ठी खिशात घालून औषध न घेताच परतले, हे मोजणारा रकाना कुठल्या पोर्टलवर मला दिसलेला नाही. सुरक्षेच्या जाळ्याचा पैसा पॅकेजमागे धावला. पॅकेज जिथं पार पाडायचं त्या खाटेमागे, काचपेटीमागे, रात्रपाळीच्या सिस्टरमागे तो तितक्या वेगानं गेला नाही. चोवीस मृत्यूंनी दाखवलं ते एवढंच. त्यांतल्या बहुतेक कुटुंबांकडे कार्ड असणार.

सर्वांसाठीची पाच लाखांची योजना १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्षात आली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली. रंगाचा प्रश्न तत्त्वतः मिटला. कार्ड मात्र अजून मागितलं जातं, कारण कुटुंब कोणतं हे संगणकाला त्याच्यावरूनच कळतं. गरिबीचा पुरावा म्हणून आलेला कागद आता घरात कोण कोण आहे याचा पुरावा म्हणून राहिला, आणि नव्या सुनेचं नाव चढवायला अजूनही दोन तहसील कार्यालयं लागतात.

१५ ऑगस्ट २०२३ च्या त्या मोफत उपचारांच्या निर्णयाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो सार्वजनिक आरोग्य खात्याचा होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ती त्यात नव्हती. नांदेडला महाविद्यालय शहराबाहेर विष्णुपुरीला गेलं तेव्हा वजिराबादेतली गुरु गोविंदसिंघजी स्मारकाची जुनी जागा जिल्हा रुग्णालयाकडे राहिली. त्यामुळे त्या पंधरा ऑगस्टनंतर एकाच शहरात वजिराबादेत केसपेपर फुकट आणि विष्णुपुरीत पैशांचा, असं झालं. लातूरला तेवढंही नाही. तिथलं जिल्हा रुग्णालय २००२ मध्ये महाविद्यालयातच विलीन झालं, वेगळं जिल्हा रुग्णालय हवं म्हणून लातूरकर वर्षानुवर्षं निवेदनं देत आणि उपोषणं करत आले, आणि अमृतमहोत्सवी वर्षातला तो निर्णय त्यांच्या शहरातल्या सगळ्यांत मोठ्या सरकारी दवाखान्याला लागूच नव्हता.